अपूर्णांकांचे त्रैराशिक: आधी छेद घालवा

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) केशराचे एक गणित आहे. ३/७ निष्काला अडीच पल केशर मिळते, तर ९ निष्कांना किती मिळेल? निष्क हे नाणे, पल हे वजन. सातवीतल्या मुलाला हे आजही सुटावे; अडते ते अपूर्णांक पाहून.

आधी मांडणी. वहीत दोन स्तंभ आखा, डावीकडे निष्क, उजवीकडे पल. पहिल्या ओळीत ३/७ आणि ५/२ (अडीच म्हणजे ५/२), दुसऱ्या ओळीत ९ आणि क्ष. नाण्यांच्या स्तंभात वजन शिरले की पुढचे सगळे फुकट.

मग अंदाज. ३/७ म्हणजे अर्ध्याहूनही कमी. ९ मध्ये अर्धे १८ वेळा बसतात, म्हणजे ३/७ त्याहून जास्त वेळा बसणार. उत्तर अडीचच्या १८ पटीपेक्षा, ४५ पलांपेक्षा, जास्तच हवे. हा आकडा समासात लिहून ठेवा.

आता छेद घालवा. डाव्या स्तंभातल्या दोन्ही संख्यांना ७ ने गुणा: ३ आणि ६३. उजव्या स्तंभातल्या दोन्हींना २ ने गुणा: ५ आणि २क्ष. स्तंभातली एकच संख्या गुणली तर प्रमाण बिघडते, दोन्ही गुणल्या तर नाही. एकाच स्तंभात दोन वेगळे छेद असतील, तर त्यांच्या लसाविने गुणा.

३ चे ६३ झाले, म्हणजे २१ पट. मग ५ चे १०५. इथेच थांबायचा मोह होतो, पण १०५ हे २क्ष आहे! क्ष म्हणजे साडेबावन्न पल. समासातल्या ४५ पेक्षा जास्त, तेव्हा ठीक.

शाळेत बहुधा थेट तिरकस गुणाकार करतात. तो चूक नाही, पण शेवटी ३/७ ने भागावे लागते, आणि भागून संख्या वाढते हे मुलांच्या पचनी पडत नाही. माझ्या मते तो ताळ्यासाठी राखावा: ३/७ × १०५/२ = ४५/२ आणि ९ × ५/२ = ४५/२. जुळले.

एक राशी ज्या पटीत वाढते त्याच पटीत दुसरी वाढत असेल, तिथेच ही रीत चालते. मजूर वाढले की दिवस घटतात. ते व्यस्त त्रैराशिक, त्याची रीत वेगळी.

सरावाला खिचडी घ्या. दीड वाटी तांदळाला पाऊण वाटी डाळ, तर ४ वाट्या तांदळाला किती? उत्तर २ वाट्या आले नाही, तर आधी स्तंभ तपासा.