निष्कर्ष नेमका कुठे आहे? सीईटीचा प्रश्न आणि दुकानात आलेला सेल्समन



तुमच्यापैकी बरेच जण धंद्याची तयारी करता करता एमबीए सीईटीही देताय. क्रिटिकल रीझनिंगमधला "लेखकाचा मुख्य निष्कर्ष कोणता?" हा प्रश्न चुकतो, असं अनेकांनी कळवलं. आज तोच घेऊ. पण आधी दुकानातली गोष्ट, कारण हा धडा मी पैसे मोजून शिकलोय.

चाळीस बॉक्सची गोष्ट

माझं घरगुती वस्तूंचं दुकान आहे. एकदा जुलैमध्ये सेल्समन आला. म्हणाला, "दादा, या टिफिनची जाहिरात टीव्हीवर सुरू झालीय. पलीकडच्या दोन दुकानदारांनी चाळीस-चाळीस बॉक्स उचललेत. आणि स्कीम ३१ तारखेला संपतेय."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी तिन्हींना मान डोलावली आणि चाळीस बॉक्सची ऑर्डर देऊन टाकली. एका बॉक्समध्ये १२ डबे, एक डबा ८० रुपयांना. म्हणजे ३८,४०० रुपये. डब्यांचा सीझन जूनमध्ये, शाळा उघडताना असतो. दिवाळीपर्यंत जेमतेम ११ बॉक्स गेले. दिवाळीचा माल भरायला मेहुण्याकडून उसने पैसे घ्यावे लागले.

चूक कुठे झाली? तो जे बोलला ती सगळी कारणं होती. "तुम्ही चाळीस बॉक्स घ्या" हा निष्कर्ष तो बोललाच नाही. तो मी मनातल्या मनात काढला आणि न तपासता मान्य केला.

आता परीक्षेचा प्रश्न

कुठल्याही युक्तिवादात दोन भाग असतात. जे पटवून द्यायचंय तो निष्कर्ष, आणि ज्याच्या जोरावर पटवायचंय ती कारणं. हा उतारा वाचा:

"एसटी स्टँडजवळ नवीन चहाची टपरी चालणार नाही, असं अनेकांचं मत आहे, कारण तिथे आधीच चार टपऱ्या आहेत. पण हे मत बरोबर नाही. पहिली एसटी पहाटे पाचला सुटते आणि चारही टपऱ्या आठनंतर उघडतात. त्यामुळे पहाटेच्या प्रवाशांना चहा मिळत नाही."

पर्याय:
अ) नवीन टपरी चालणार नाही.
ब) पहाटेच्या प्रवाशांना चहा मिळत नाही.
क) नवीन टपरी चालणार नाही हे मत चुकीचं आहे.
ड) नवीन टपरी जुन्या चारींपेक्षा जास्त धंदा करेल.

घाईत बरेच जण "ब" ला टिक करतात. शेवटचं वाक्य आहे, वर "त्यामुळे" आहे, मग निष्कर्ष हाच असणार! इथेच फसगत होते.

तीन पायऱ्या

१. कोण बोलतंय ते बघा. "अनेकांचं मत", "काही जण म्हणतात" असं आलं की ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं म्हणणं असतं. त्यानंतर "पण" आलं, की लेखक स्वतः बोलायला लागतो. म्हणून "अ" बाद.

२. "म्हणून" लावून बघा. दोन वाक्यांच्या मध्ये "म्हणून" घाला आणि मोठ्याने वाचा. "पहाटेच्या प्रवाशांना चहा मिळत नाही, म्हणून ते मत चुकीचं आहे." जमतंय. आता उलटं करा. "ते मत चुकीचं आहे, म्हणून प्रवाशांना चहा मिळत नाही." काहीच अर्थ लागत नाही. म्हणजे "ब" हा मधला निष्कर्ष. तो वेळांवरून निघाला, पण पुढे तो स्वतःच मुख्य निष्कर्षाचं कारण झाला. ज्याच्यापुढे आणखी "म्हणून" लागत नाही, तो मुख्य निष्कर्ष. उत्तर "क".

३. शब्दांचं वजन करा. "ड" ऐकायला भारी वाटतं, पण लेखक तेवढं बोललेलाच नाही. उताऱ्यापेक्षा जास्त जोरात बोलणारा पर्याय सोडून द्या.

अजून एक. बँकेच्या परीक्षांमध्ये "विधान आणि निष्कर्ष" असा प्रश्न येतो. तिथे दिलेल्या माहितीवरून काय निघतं ते ठरवायचं असतं. इथे निष्कर्ष लेखकाने आधीच काढलेला असतो, आपण फक्त ओळखायचा. दोन्हींची गल्लत करू नका.

२०२४ च्या एमबीए सीईटीत २०० प्रश्नांना १५० मिनिटं होती. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यामुळे "म्हणून" लावायची सवय आधीच अंगवळणी पडली पाहिजे.

घरचा अभ्यास

"मुख्य रस्त्यावरचा गाळा आपण घेऊ नये. तिथे भाडं दुप्पट आहे. आपलं गिऱ्हाईक फोनवरच ऑर्डर देतं, त्यामुळे रस्त्यावरच्या गर्दीचा आपल्याला उपयोग नाही."

निष्कर्ष शोधा, मगच पुढे वाचा.

उत्तर आहे पहिलं वाक्य. "गर्दीचा उपयोग नाही" हा मधला निष्कर्ष.

आता माझ्या दुकानात कोणी स्कीम घेऊन आलं, की मी बिलबुकाच्या मागे एक ओळ लिहितो: "याला माझ्याकडून नक्की काय हवंय?" मग त्याचं एकेक कारण घेऊन पुढे "म्हणून मी चाळीस बॉक्स घ्यावेत" जोडून वाचतो. शेजाऱ्याने घेतले, म्हणून मी घ्यावेत? वाचल्यावर स्वतःलाच हसू येतं.

या आठवड्यात तुमच्याकडे येणाऱ्या एका तरी सेल्समनवर हे करून बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत.