सिनेमाच्या गप्पा आणि आपला गल्ला

बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की गप्पांना तोंड फुटते. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण अशी स्टेशने मागे पडतात आणि विषय असतो नव्या चित्रपटाचा. ट्रेलर पाहिला का, ईदला कोणाचा चित्रपट येणार, रात्रीच्या मालिकेत त्या सुनेचे पुढे काय होणार! महिलांच्या डब्यात तर कथेइतकीच चर्चा साडीची, ब्लाउजच्या गळ्याची आणि दागिन्यांची. संध्याकाळी हीच मंडळी आपल्या दुकानात येतात, मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "भाई, असा मिळेल का?"

या एका प्रश्नावर लहान व्यापाऱ्याचा पूर्ण मोसम अवलंबून असतो. "नाही" म्हणालो तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जाते. "हो" म्हणून शंभर नग शिवून ठेवले आणि चित्रपट आपटला, तर उधारीवर आणलेले कापड माळ्यावर पडून राहते आणि कापडवाल्याचा तगादा सुरू होतो. मोठ्या दुकानदाराला असा एखादा फटका पचतो. चार मशीन टाकून बसलेल्या कारागिराला तो पुढची दोन वर्षे उठू देत नाही. चित्रपट पाहावा की पाहू नये, हा या पानाचा विषय नव्हे. शौकिनांच्या गप्पांतून मागणी कशी ओळखावी आणि आपली पुंजी कशी सांभाळावी, एवढेच आज आम्ही मांडणार आहोत.

ही गोष्ट नवी नाही

अभिनेत्री साधना यांचे उदाहरण आपल्या भागाला जवळचे आहे. त्यांचा जन्म 1941 साली कराचीत, सिंधी घरात झाला. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले. अशाच निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले आणि 'कॅम्प' हा शब्द आजही पत्त्यात राहिला. 1960 च्या 'लव्ह इन शिमला'पासून साधनांची कपाळावरची केसांची झालर 'साधना कट' म्हणून देशभर गाजली. 1965 च्या 'वक्त'मधला त्यांचा तंग चुडीदार आणि कुर्ता मुलींनी उचलला.

येथे शिंपीबांधवांनी एक गोष्ट पाहावी. चुडीदार उरेब कापडात कापावा लागतो, तेव्हाच तो पायाला बसतो आणि घोट्यावर चुण्या पडतात. ही कापणी ज्याच्या हाताला बसली त्याला साधनांची चर्चा ओसरल्यावरही काम होते, कारण चुडीदार आजही शिवला जातो.

पुढे 1989 च्या 'मैंने प्यार किया'ने 'फ्रेंड' लिहिलेली टोपी गल्लोगल्ली पोहोचवली. 1994 च्या 'हम आपके हैं कौन'नंतर माधुरी दीक्षित यांची जांभळी साडी आणि पाठीवर खोल गळ्याचा ब्लाउज लग्नसराईत मागितला जाऊ लागला. 1998 च्या 'कुछ कुछ होता है'ने फ्रेंडशिप बँडला जोर दिला.

या मालाचे दोन प्रकार पडतात. एक नावाचा माल. टोपीवर शब्द, टी-शर्टवर नटाचे चित्र, पट्टीवर चित्रपटाचे नाव. दुसरा कटाचा माल. गळा, बाही, घेर, रंग, भरतकाम. नावाचा माल झटपट खपतो आणि तितकाच झटपट शिळा होतो. कटाचा माल सावकाश उठतो, पण उरला तरी दुसऱ्या नावाने विकता येतो. आमचे आजचे सांगणे एका वाक्यात असे की गप्पा ऐकून कट शिका, पण नावावर पैसा लावू नका.

गप्पांचे तीन टप्पे

पहिला टप्पा घोषणेचा. चित्रपट येणार एवढेच कळलेले असते. शौकीन नटाबद्दल, दिग्दर्शकाबद्दल, तारखेबद्दल वाद घालतात. कपडा कोणी पाहिलेला नसतो. या काळात एक रुपयाही गुंतवू नये.

दुसरा टप्पा ट्रेलरचा आणि गाण्यांचा. आता कपडे दिसतात. गप्पांत "तो सीन" ऐवजी "तो ड्रेस" हा शब्द येऊ लागला की कान टवकारावेत. तरीही या वेळी फक्त दोन-चार नमुने करून दुकानात टांगावेत आणि कोण हात लावून पाहते, कोण भाव विचारते याची नोंद ठेवावी.

तिसरा टप्पा चित्रपट लागल्यानंतरचा. पहिला आठवडा चाहत्यांचा असतो, दुसरा आठवडा कुटुंबांचा. दुसऱ्या आठवड्यातही लोक त्याच कपड्याविषयी विचारत असतील तर मागणी खरी समजावी.

दुसऱ्या टप्प्यात घाई का करू नये, याचे चांगले उदाहरण 'पद्मावती'चे आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये ट्रेलर आणि 'घूमर' गाणे आले. भरजरी लेहंग्यांची चर्चा झाली. चित्रपट 1 डिसेंबरला, म्हणजे ऐन लग्नसराईत लागणार होता. पण विरोध उभा राहिला आणि प्रदर्शन लांबले. अखेर 25 जानेवारी 2018 रोजी तो आला तेव्हा नावही 'पद्मावत' झाले होते. ज्याने घेरदार लेहंगा शिवला असेल त्याचा माल लग्नाचा लेहंगा म्हणून विकण्याजोगा होता. ज्याने खोक्यांवर 'पद्मावती' छापून घेतले असेल त्याची छपाई मात्र एका अक्षराने जुनी झाली.

ईदच्या मोसमातही हेच लक्षात ठेवावे. 'बॉडीगार्ड' (2011), 'बजरंगी भाईजान' (2015) आणि 'सुलतान' (2016) ईदच्या सुमारास लागले, तेव्हापासून ईद आणि सलमान खान यांचे चित्रपट ही जोडी शौकिनांच्या मनात बसली. परंतु 2020 च्या ईदला ठरलेला 'राधे' टाळेबंदीमुळे आला नाही. 13 मे 2021 रोजी आला तोही मुख्यतः घरबसल्या पैसे भरून पाहण्यासाठी. ईदचा कुर्ता-पायजमा चित्रपट नसला तरी खपतो. तेव्हा ईदच्या मालाचा पाया साधाच ठेवावा आणि चित्रपटाची फॅशन त्यावर थोडीशी असावी.

मालिकेची चाल वेगळी

चित्रपट वळवाच्या सरीसारखा कोसळतो आणि जातो. मालिका रिमझिम पावसासारखी असते. रोज अर्धा तास तोच दागिना, तीच साडी डोळ्यांपुढे राहते. झी मराठीवरील 'होणार सून मी ह्या घरची' (2013 ते 2016) या मालिकेतील 'जान्हवीचे मंगळसूत्र' महाराष्ट्रभर याच नावाने मागितले गेले. सोन्यातही आणि नकली दागिन्यांतही. अशी मागणी हळूहळू वाढते, म्हणून कारागिराला हात बसवायला आणि थोडा थोडा माल काढायला सवड मिळते. टीव्हीच्या प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला जाहीर होतात. ते पाहायला काही खर्च येत नाही.

मात्र मालिका बाहेरच्या कारणानेही बंद पडू शकते. जून 2014 मध्ये 'जिंदगी' वाहिनी सुरू झाली. 'जिंदगी गुलजार है'सारख्या पाकिस्तानी मालिकांमुळे लांब सरळ कुर्ते आणि ढगळ पायजमे बायकांच्या बोलण्यात आले. सप्टेंबर 2016 मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर वाहिनीने त्या मालिका थांबवल्या. नटांची चर्चा मागे पडली, पण तो कट बाजारात राहिला आणि आपल्याच देशातले कारखाने तो शिवत आहेत. कटाला मालिकेचा आधार लागत नाही, याचा हा पुरावा.

गिऱ्हाईक कोण, ते पाहा

20 फेब्रुवारी 2015 रोजी 'बदलापूर' नावाचा हिंदी चित्रपट लागला. त्यातला नायक बदलापूरला येऊन राहतो. गावाचे नाव पडद्यावर आल्याचे कौतुक कोणाला वाटणार नाही? पण व्यापाऱ्याने प्रमाणपत्र पाहायचे असते. त्या चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र होते, म्हणजे तो फक्त प्रौढांसाठी होता. अशा चित्रपटाच्या भरवशावर मुलांचे कपडे, दप्तरे किंवा खेळणी काढण्यात अर्थ नसतो. 2024 च्या नियमांपासून 'यूए' प्रमाणपत्रात 7, 13 आणि 16 वर्षे असे वयाचे भाग पाडले आहेत. ते वाचले की कोणत्या वयाचे गिऱ्हाईक येईल याचा अंदाज बांधता येतो.

हिशोब मांडून पाहू

समजा, एका सूटला कापड, अस्तर, मजुरी धरून 400 रुपये खर्च येतो आणि तो 600 ला जातो. चर्चा संपल्यावर त्याचे 200 च येतात.

एका शिंप्याने 100 सूट शिवले. 40,000 रुपये गुंतले. 60 नग 600 ने गेले, त्याचे 36,000 आले. उरलेले 40 नग 200 ने काढले, त्याचे 8,000. एकूण 44,000, म्हणजे फायदा फक्त 4,000.

दुसऱ्याने आधी 40 शिवले. 16,000 गुंतले, 24,000 आले. मागणी टिकली म्हणून आणखी 20 शिवले. 8,000 गुंतले, 12,000 आले. एकूण फायदा 12,000. नग कमी विकले नाहीत, पडून राहिलेला माल टाळला, एवढाच फरक.

आता चित्रपट पडला आणि दोघांचेही 10 च सूट पूर्ण भावाने गेले असे धरा. पहिल्याचा तोटा 16,000, दुसऱ्याचा 4,000. दुसरा पुढच्या मोसमात पुन्हा उभा राहील. पहिल्याला कर्ज काढावे लागेल.

दुसऱ्या शिंप्याला एक तयारी मात्र ठेवावी लागते. मागणी टिकली तर चार दिवसांत पुढचे 20 नग निघाले पाहिजेत. त्यासाठी कापडवाल्याशी त्याच रंगाचा ताका राखून ठेवण्याचे बोलून ठेवावे आणि कापणीचा फर्मा जपून ठेवावा.

कायद्याची रेघ

उल्हासनगरच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए' या शिक्क्याचा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! विनोद म्हणून ठीक, पण आज त्या वाटेने जाण्यात धोका आहे. दुसऱ्याचा नोंदणीकृत शिक्का लावणे किंवा चित्रपटाचे पोस्टर टी-शर्टवर छापणे हा गुन्हा ठरू शकतो. ट्रेड मार्क कायदा 1999 आणि कॉपीराइट कायदा 1957 या दोन्हींत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

कलावंताचे नाव आणि चेहरा हासुद्धा त्याचा हक्क मानला जातो. 2010 साली दिल्ली उच्च न्यायालयाने गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या गाणाऱ्या बाहुल्या विकणाऱ्या दुकानाविरुद्ध निर्णय दिला. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच न्यायालयाने अमिताभ बच्चन यांचे नाव, चित्र आणि आवाज परवानगीवाचून व्यापारासाठी वापरण्यास अंतरिम मनाई केली.

कपड्याच्या कटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. डिझाइन कायदा 2000 खाली नोंदवलेल्या डिझाइनला 10 वर्षे, आणि वाढवून घेतल्यास आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. नोंदवता येण्याजोगे असूनही डिझाइन नोंदवले नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवान्याने यंत्राच्या साह्याने 50 हून अधिक नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. साधा गळा, घेर किंवा बाही कोणा एकाची मालकी नसते. पण हुबेहूब छापील नक्षी उचलण्याआधी वकिलाला विचारावे. आपण स्वतः नवी नक्षी काढली असेल तर बाजारात आणण्यापूर्वी तिची नोंद करून घ्यावी. कारागीर म्हणजे नेहमी नक्कल करणाराच असे थोडेच आहे!

वही ठेवा

गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी. रोज पाच गोष्टी लिहाव्यात. कोणत्या कपड्याविषयी किती जणांनी विचारले? विचारणारे कोण, तरुण की कुटुंबवाले? त्यांनी भाव विचारला की नुसता फोटो दाखवला? कोणी आगाऊ पैसे दिले का? आणि हा माल चित्रपटाच्या नावावाचून विकता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर तो माल कितीही चकचकीत वाटला तरी हात आखडता घ्यावा.

दुकानात बसून चित्रपटांवर बोलणाऱ्या मुलांना व्यापारी अनेकदा हाकलून देतात. आमचे म्हणणे असे की त्यांना चहा पाजा आणि त्यांचे ऐका. बाजारात उद्या काय मागितले जाईल ते ती मुले फुकट सांगत असतात. फक्त त्यांच्या उत्साहावर कापडाचा पूर्ण ताका फाडू नका. आधी चार नमुने टांगा, दुसरा आठवडा येऊ द्या, मग कात्री उचला.