आजार ‘मला’ होतो, आजार म्हणजे ‘मी’ नव्हे

आपल्या मराठी भाषेत एक मोठा शहाणपणा आहे. ताप आला तर आपण ‘मला ताप आला’ म्हणतो. मधुमेह झाला तर ‘मला मधुमेह आहे’ म्हणतो. आजार येतो, जातो किंवा मुक्काम ठोकतो. ‘मी’ मात्र त्याहून वेगळा राहतो. मनाचा आजार झाला की हे व्याकरण बदलते. ‘त्याला आजार आहे’ असे न म्हणता ‘तो वेडा आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. आजाराने माणसाची जागाच घेतली!

आम्हा ठाणेकरांना हे नवे नाही. येथील मनोरुग्णालय १९०१ सालचे. त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्येही रंगतो. त्याच डब्यात गोळ्यांची पट्टी खिशात लपवून उभा असलेला प्रवासी तो ऐकतो. असा माणूस उपचार आधी लपवतो आणि मग थांबवतो.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ व तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ सालच्या आपल्या ग्रंथात दोन गोष्टींत फरक केला. आजाराचे कारण सांगणे ही एक, आणि रुग्ण तो कसा भोगतो हे समजून घेणे ही दुसरी. रुग्णाचे सगळेच अनुभव आपल्याला उमगतील, असे यास्पर्स मानत नव्हते. पण दोन्ही वाटा लागतात. मेंदूतील बिघाडावर गोळी काम करते; भेदरलेल्या माणसासाठी ऐकून घेणारा कान लागतो.

‘डॉक्टर, गोळ्या घेतल्या की मी मी राहत नाही. मग खरा मी कोणता?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तो हसण्यावारी नेऊ नये. थायरॉइड मंदावला की माणूस सुस्त, उदास होतो आणि गोळीने पुन्हा हुशारतो. तिथे आपण ‘खरा कोणता’ असे विचारत नाही. पुष्कळदा औषध ‘मी’ला पुसत नाही, आजाराखाली दबलेल्या ‘मी’ला वर येऊ देते. मात्र कधी कधी बधिरपणा हा औषधाचाच दुष्परिणाम असतो. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. गोळ्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे.

कायद्यानेही रुग्णाचा ‘मी’ मान्य केला आहे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’, म्हणजे वेड, हा शब्द होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ साली अमलात आला. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत, हे सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमू शकते. तातडीच्या उपचारांना मात्र ही लेखी इच्छा लागू होत नाही.

घरच्यांनी काय करावे? रुग्णासमोर त्याच्याविषयी नव्हे, त्याच्याशी बोलावे. तपासणीच्या वेळी पहिले उत्तर त्याला देऊ द्यावे. जेवणाची भाजी, भाचीचे लग्न, घरातला खर्च यांत त्याचे मत घ्यावे. सल्ला हवा असल्यास ‘टेली-मानस’चा १४४१६ हा शासकीय दूरध्वनी क्रमांक आहे.

आणि वाचकहो, आजपासून एवढे करा. ‘तो वेडा आहे’ ऐवजी ‘त्याला आजार आहे’ म्हणा. आजारावर उपचार करता येतात. ‘वेडा’ या शिक्क्यावर कोणते औषध द्यायचे?