चित्रकार होण्याआधी ते काय करत होते?



'मोठेपणी मी कोण होणार' हा तक्ता बहुतेक वर्गांत असतोच. डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप, इंजिनिअरच्या डोक्यावर हेल्मेट आणि चित्रकाराच्या हातात रंगांची थाळी. प्रत्येकाचा चौकोन वेगळा. पालकसभेतही हेच चौकोन आपल्यापुढे येतात. "मॅडम, चित्रं छान काढतो तो, पण शिष्यवृत्तीचं वर्ष आहे, जरा कमी करायला सांगा ना." पालकांची काळजी खोटी नाही. पण मुलांना कलावंतांची ओळख करून देताना आपण जन्म, शिक्षण आणि पुरस्कार एवढंच सांगतो. तो माणूस आधी कुठलं काम करत होता, हे राहून जातं. माझ्या मते शिकवण्यासारखं खरं तिथेच असतं.

सुधीर पटवर्धन यांचंच बघा. जन्म १९४९ चा, पुण्याचा. पुण्याच्याच लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये ते डॉक्टर झाले. मग १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षं, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. दिवसभर एक्स-रे पाहायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची. चित्रकलेच्या कॉलेजात ते गेलेले नाहीत. त्यांच्या चित्रांत लोकल गाडी आहे, इराणी हॉटेल आहे, लोअर परळ आहे, उल्हासनगर आहे आणि या सगळ्यांत माणसं आहेत. कामगार, प्रवासी, रस्त्यावर उभी असलेली साधी माणसं. त्या माणसांची शरीरं नीट पाहा. खांद्याचा भार, पाठीचा बाक, थकलेले हात. रोज माणसाच्या शरीराकडे बारकाईने पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांनी ही चित्रं काढली आहेत, असं मला वाटतं. डॉक्टरकी त्यांच्या चित्रांच्या आड आली नाही. आणि घरही चाललं, हे पालकांना मुद्दाम सांगण्यासारखं आहे! मुंबईचे गीव्ह पटेल हेही असेच. दवाखाना, कविता आणि चित्रं, सगळं एकाच माणसाचं.

आता प्रभाकर बरवे. ते जेजेमध्ये रीतसर शिकले. पण शिक्षण संपल्यावर सुमारे वीस वर्षं त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. हे केंद्र सरकारी. हातमागाच्या कापडासाठी नक्ष्या तयार करायच्या, हे तिथलं काम. बरव्यांच्या चित्रांत भरपूर मोकळी जागा असते आणि तिच्यात घड्याळ, पान, फळ अशी एखादी वस्तू नेमकी ठेवलेली असते. कापडावर बुट्टी कुठे बसवायची आणि कुठे जागा सोडायची याचा रोज विचार करणाऱ्याला रिकाम्या जागेची किंमत कळतेच, नाही का? त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असायला हवं. मुलांसाठी नव्हे, आपल्यासाठी.

एम. एफ. हुसेन सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवत, तय्यब मेहता चित्रपट संकलनाच्या कामात होते, हे तुम्ही ऐकलं असेल. चंदीगडचे नेकचंद तर सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारे कर्मचारी. नोकरीनंतर जंगलातल्या जागेत गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाईल्स यांतून त्यांनी पुतळ्यांचं गाव उभं केलं. पुढे १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तेच आजचं रॉक गार्डन.

इमारती बांधणाऱ्यांकडे वळूया. स्वित्झर्लंडचे पीटर झुमथोर हे सुताराचे चिरंजीव. वडिलांकडेच त्यांनी लाकडी कपाटं, टेबलं बनवण्याचं काम शिकून घेतलं. नंतर डिझाइन आणि वास्तुरचनेचं शिक्षण, मग जुन्या वास्तूंच्या जतनाची सरकारी नोकरी. सुमवित्ग या गावातलं त्यांचं छोटं चर्च बाहेरून लाकडाच्या लहान लहान फळ्यांनी मढवलेलं आहे. फोटो पाहिलात तरी सुताराचा हात ओळखू येतो. वाल्सच्या स्नानगृहात तिथल्याच डोंगरातल्या दगडाचे थरावर थर रचले आहेत, तेही तितक्याच निगुतीने. २००९ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला, जो वास्तुरचनेतला सर्वांत मोठा मानला जातो. २०१८ मध्ये हाच पुरस्कार पहिल्यांदा एका भारतीयाला मिळाला, बाळकृष्ण दोशींना. त्यांचा जन्म पुण्याचा आणि घरचा व्यवसाय फर्निचरचा! झाहा हदीद यांनी आधी बैरुतमध्ये गणित घेतलं होतं, रेम कूलहास पत्रकार होते आणि जपानचे तादाओ आंदो मुष्टियोद्धा.

आंदोंचं नाव मात्र जपून घ्या. ते आर्किटेक्चरच्या कॉलेजात गेले नाहीत, ही गोष्ट मुलांना फार आवडते आणि लगेच "मग शिकायचं कशाला?" असा प्रश्न येतो. आंदो स्वतः पुस्तकं वाचून, इमारती हिंडून बघत, रेखाटनं करत शिकले. शिकणं सुटलं नव्हतंच. शिवाय आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे. मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. पदवीला पाच वर्षं लागतात. चित्रकाराला असा परवाना लागत नाही, पण छत कोसळलं तर माणसं मरतात. हा फरक सातवी-आठवीच्या मुलांना सरळ समजतो.

प्रदर्शन मांडणाऱ्या जाणकारांचंही असंच आहे. कुठली चित्रं घ्यायची, कशाशेजारी काय लावायचं हे ठरवणाऱ्याला क्युरेटर म्हणतात. नायजेरियात जन्मलेले ओक्वुई एन्वेझोर राज्यशास्त्र शिकलेले होते, कविताही लिहायचे. जर्मनीतल्या कासेल शहरात भरणाऱ्या डॉक्युमेंटा या जगप्रसिद्ध प्रदर्शनाची २००२ ची मांडणी त्यांच्याकडे होती. कुठल्या देशातल्या कलावंताला जागा मिळते आणि कुणाला मिळत नाही, हा राज्यशास्त्राचाच प्रश्न त्यांनी तिथे आणला.

वर्गात हे कसं घ्यायचं? मी उलट्या बाजूने जाते. आधी चित्र किंवा इमारतीचा फोटो दाखवायचा, नाव सांगायचं नाही. "हे करणारा माणूस आधी काय काम करत असेल?" एवढंच विचारायचं. उत्तर चुकलं तरी चालेल, पण "कशावरून?" हे सांगायलाच हवं. मग मुलांच्या घरातल्या कामांकडे यायचं. गवंड्याच्या मुलाला ओळंबा कसा धरतात ते दाखवू द्या. शिवणकाम करणाऱ्या आईची मुलगी कापड कसं बेततात ते फळ्यावर काढेल. भाजीची गाडी लावणाऱ्याच्या मुलाला टोमॅटोशेजारी कोथिंबीर का ठेवतात, हे विचारा. रंगांच्या तासाला मी हल्ली सुरुवात तिथूनच करते. यासाठी दोन तासिका ठेवा. एका तासिकेत पुरत नाही, कारण प्रत्येकाला आपल्या घरचं सांगायचं असतं.