काचेपलीकडची मुले



आजाऱ्याला भेटायला जाणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्यायही आपल्या कानांवरून अनेकदा गेला आहे. पण भेटायचे कसे, आणि आजारी व्यक्ती सात-आठ वर्षांचे मूल असेल तर काय करायचे, हे मात्र आपल्याला फारसे कोणी शिकवत नाही. आजच्या पाठासाठी म्हणूनच एक उदाहरण घेऊ या. ते दूरचे आहे, अमेरिकेतले आहे आणि चक्क खेळाच्या मैदानावरचे आहे.

अमेरिकेच्या मध्यभागी आयोवा नावाचे राज्य आहे. मका आणि डुकरे यांसाठी ते प्रसिद्ध. तेथील आयोवा सिटी या गावात विद्यापीठाचे किनिक स्टेडियम आहे. १९२९ साली उभे राहिलेल्या या मैदानाला १९७२ मध्ये नाईल किनिक या खेळाडूचे नाव देण्यात आले. १९३९ चा हा सर्वोत्कृष्ट विद्यार्थी खेळाडू दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा वैमानिक झाला आणि १९४३ साली सरावाच्या उड्डाणात, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. येथे खेळला जातो तो अमेरिकन फुटबॉल. आपल्या शाळेच्या मैदानावरचा फुटबॉल तो नव्हे. चेंडू लांबट, डोक्यावर शिरस्त्राण आणि चेंडू हातात घेऊन धावायचे. आयोवात व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही. त्यामुळे विद्यापीठाचा ‘हॉकाइज’ हाच साऱ्या राज्याचा संघ. काळा आणि सोनेरी हे त्याचे रंग, आणि सामन्याला जवळजवळ ६९ हजार माणसे जमतात.

या स्टेडियमच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, २०१७ च्या सुरुवातीस विद्यापीठाच्या स्टेड फॅमिली चिल्ड्रन्स हॉस्पिटलची नवी इमारत सुरू झाली. तिच्या सर्वांत वरच्या, बाराव्या मजल्यावर मुलांना व त्यांच्या कुटुंबीयांना बसण्यासाठी मोठी जागा आहे. तिच्या मोठमोठ्या काचांतून खालचे मैदान सरळ दिसते. सामन्याच्या दिवशी सलाइनची नळी लावलेली मुले, चाकांच्या खुर्चीतली मुले, त्यांचे आईवडील आणि भावंडे तेथे जमतात. एका प्रेक्षक महिलेने त्या वर्षी सुचवले की, वरून मुले आपल्याला पाहणारच आहेत, तर आपणही सर्वांनी वर पाहून त्यांना हात का करू नये?

सूचना एवढीच होती. २ सप्टेंबर २०१७ रोजी वायोमिंगविरुद्धच्या हंगामातील पहिल्या सामन्यात ती अमलात आली. हा खेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत चालतो. पहिला भाग संपला की संघ बाजू बदलतात आणि खेळ थोडा वेळ थांबतो. त्या वेळात सगळे स्टेडियम हॉस्पिटलच्या दिशेने वळले आणि हात हलवू लागले. आयोवाचे खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि पाहुणा संघसुद्धा. वर काचेला तळवे टेकवलेली मुले उलट हात करत होती. त्याच महिन्यात पेन स्टेट विद्यापीठाविरुद्धचा सामना रात्रीचा होता. तेव्हा लोकांनी मोबाइलचे दिवे लावून हात हलवले आणि सारे मैदान चांदण्यासारखे लुकलुकले. तेव्हापासून तेथे ती प्रथाच पडली आहे. २०१७ च्या अखेरीस डिस्नीचा ‘स्पिरिट अवॉर्ड’ आयोवाच्या प्रेक्षकांना मिळाला.

याच्या आधीपासून, म्हणजे २००९ पासून, तेथे ‘किड कॅप्टन’ नावाचा दुसरा उपक्रम चालू आहे. प्रत्येक सामन्यासाठी हॉस्पिटलच्या एका आजी किंवा माजी बालरुग्णाची मानाचा कप्तान म्हणून निवड होते. त्याचे नाव आणि त्याने आजाराशी दिलेल्या झुंजीची हकिकत लोकांपुढे ठेवली जाते.

आता या दोन रीती शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही चांगल्या आहेत, पण त्या एकच नव्हेत. कप्तान झालेल्या मुलाला लोक नावाने ओळखतात, त्याचा आजार त्यांना ठाऊक असतो. त्यासाठी त्याला आणि त्याच्या आईवडिलांना पुढे यावे लागते, बोलावे लागते. सगळ्यांना ते जमत नाही. केस गळालेले असताना फोटो नको वाटणारी मुले असतात. काचेमागच्या मुलाला मात्र काहीच द्यावे लागत नाही. त्याने शूर दिसायचे नाही, कुणाचे आभार मानायचे नाहीत. खालच्या ६९ हजारांना त्याचे नाव माहीत नसते, की त्याला काय झाले आहे तेही. मला विचाराल तर या प्रथेतील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

कोणी म्हणेल, हात हलवायला काय लागते? जेमतेम एक मिनिट, तेही खेळ थांबलेला असताना. आक्षेप खरा आहे. हात केल्याने रक्तातील पेशी वाढत नाहीत. शिवाय घरच्या मैदानावर वर्षाला साधारण सातच सामने होतात; बाकीचे साडेतीनशेहून अधिक दिवस त्या काचेतून रिकामे मैदान दिसते. त्या दिवसांत मुलाजवळ असतात त्या परिचारिका, आई आणि खाली झाडू मारणारा माणूस. पण म्हणून तो एक मिनिट खोटा ठरत नाही. महिनोन्महिने एका खोलीत राहणाऱ्या मुलाला वाटू लागते की, बाहेरचे जग आपल्याला सोडून पुढे गेले. ते जग थांबून आपल्याकडे वळलेले त्याला डोळ्यांनी दिसते. आणि पाहुणा संघही हात करतो, ही गोष्ट क्रिकेटवेड्या आपल्या मुलांना मुद्दाम सांगावी अशी आहे.

त्या काचेबद्दलही थोडे समजून घेऊ या. कर्करोगावरील केमोथेरपीमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. त्या घटल्या की आपल्याला दोन दिवसांत बरी होणारी सर्दी त्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. अशा मुलाला ताप आला तर ‘उद्या पाहू’ म्हणून चालत नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठावे लागते. म्हणून वॉर्डात भेटणाऱ्यांवर बंधने असतात. तेथे अंतर ठेवणे हीच काळजी असते.

आणि आपण काय करतो? गावातले मूल परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखल झाले की रविवारी मिस्सा झाल्यावर दहा-बारा जण लोकल पकडतो. दारातला पहारेकरी आत सोडत नाही म्हणून त्याच्याशी हुज्जत घालतो. आत गेलोच तर मुलाच्या गालाला हात लावतो, त्याच्यादेखत आईला विचारतो, ‘कितव्या स्टेजला आहे?’ मग आपल्या नात्यात हाच आजार झालेला कोण, कधी आणि कसा गेला ते सांगतो. एखादी मावशी पपईच्या पानांचा रस सुचवते. निघताना डोळे पुसतो. हे सारे मायेपोटीच, यात शंका नाही. पण आपण गेल्यावर त्या मुलाच्या मनात काय उरते, याचा विचार व्हायला हवा. सात वर्षांच्या मुलाला सगळे ऐकू येते आणि बरेचसे कळते.

त्यापेक्षा आधी आईला फोन करून विचारावे, ‘येऊ का? की दुसरे काही हवे?’ बहुतेक वेळा दुसरेच हवे असते. मुंबईत राहायची सोय, दुपारचा डबा, एखादी रात्र बदली बसणारे माणूस. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये. फुले आणि कापलेली फळे वॉर्डात विचारल्याशिवाय नेऊ नयेत. मुलाशी बोलायचे तर सामन्याचे बोलावे, शाळेतल्या गमतीचे बोलावे. आजाराचे बोलायला डॉक्टर आहेत. वर्गातल्या मुलांनी चिठ्ठ्या लिहून पाठवाव्यात, फोनवर सगळ्यांनी मिळून हात करावा. आणि घरी राहिलेल्या भावंडाला विसरू नये. आई परळला, बाबा कामावर, आणि ते आजीजवळ. त्याचा अभ्यास कोण घेतो, त्याचा वाढदिवस कोणाच्या लक्षात असतो? आयोवाच्या बाराव्या मजल्यावर भावंडांनाही काचेजवळ जागा असते, ती उगीच नव्हे.

आपल्याकडे नाताळात वॉर्डांत केक घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. ११ फेब्रुवारीला जागतिक रुग्णदिन असतो, तेव्हाही लोक जातात. जून-जुलैत, पाऊस आणि लोकलचा गोंधळ असताना, कोणी फिरकत नाही. आपल्या समूहाच्या सभेत या पाठावर चर्चा कराल तेव्हा निदान पावसाळ्याचे चार महिने वाटून घेता येतील का ते पाहावे.

सभेत आणखी एका गोष्टीवर बोलावे, ती म्हणजे प्लेटलेट. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना उपचारांत या पेशी वारंवार द्याव्या लागतात. नेहमीचे रक्त महिनाभर टिकते, प्लेटलेट मात्र साधारण पाचच दिवस. त्यामुळे वर्षातून एकदा मोठे शिबिर भरवून त्यांचा साठा करता येत नाही. बोलावल्यावर येणारी माणसे लागतात. मशीनवर एका वेळेस दीड-दोन तास जातात, आणि पात्र दात्याला त्या थोड्या दिवसांनी पुन्हा देता येतात. १८ वर्षांवरील ज्यांची तयारी असेल त्यांनी आपले नाव, रक्तगट आणि कोणत्या वारी सुट्टी असते ते आपल्या समूहाच्या प्रमुखांकडे लिहून द्यावे.