जुना तलाव व नवें शेततळें : त्यांतील मासे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या मुलखांतील मामा तलाव, म्हणजे मालगुजारी तलाव, हे कांहीं आपोआप झालेले नव्हेत. गोंड राजांच्या अमलांत कोहळी शेतकऱ्यांनीं पाळी घालून ते बांधले. तरी त्यांत मरळ, मागूर, वाम, कोळशी असे कोणींहि न सोडलेले मासे नांदतात. आणि २०१६ च्या सरकारी योजनेंतून खोदलेल्या शेततळ्यांत मात्र आपण सोडूं तेवढेच. दोन्हीं माणसाचींच कामें असतां हा भेद कां?

कारण कांठांत आहे. जुन्या तलावाचा कांठ हळूहळू उतरता, तेथें उथळ पाणी व पाणगवत; शिवाय नाल्याची वाट मोकळी. पहिल्या पुरांत मासे चढणीस लागून त्या गवतांत अंडीं घालतात. मरळाची जोडी तर घरटें करून पिलांची राखण करिते. मरळ व मागूर वरची हवा घेतात, म्हणून उन्हाळ्यांत थोड्या पाण्यांतहि तगतात. अस्तर घातलेल्या शेततळ्यांत ना चिखल, ना गवत, ना वाट.

शेततळें निरुपयोगी, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांत कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या व मृगळ तळाशीं चरतो. तिघांचें भांडण होत नाहीं. मात्र हे मासे सांचलेल्या पाण्यांत वीत नाहींत. १९५७ सालीं कटक येथें हीरालाल चौधरी यांनीं ग्रंथीचा अर्क टोचून त्यांस विण्यास लावलें, तेव्हांपासून असें तयार केलेलें बीजहि विकत मिळूं लागलें.

खरा घात निराळाच. बीज सोडण्यापूर्वीं भक्षक मासे मारण्यास मोहाची पेंड घालतात. शेततळ्यांत तें चालेल. जुन्या तलावांत घातल्यास साऱ्याच जाती तरंगतात. आमच्या गांवीं एका ठेकेदारानें तसें केलें, आणि पुढें ढिवरांच्या जाळ्यांत विकतच्या माशांवांचून कांहीं येईना.

दुसरा दोष आपलाच. कारकुनी करीत असतां आम्ही निस्तार पत्रकाच्या नकला पुष्कळ उतरल्या. त्यांत तलाव साऱ्या गांवाच्या वापराचा. प्रत्यक्षांत ओसरत्या पाण्यामागें नांगर दरवर्षीं चार हात पुढें. तीच जागा अंडीं घालण्याची! ज्यांचीं शेतें तलावास लागून आहेत त्यांनीं तेवढी पट्टी सोडावी, आणि पहिले दोन पूर जाईपर्यंत नाल्याच्या तोंडाशीं जाळें लावूं देऊं नये.