वकील नेमका कोणाचा?

खोडाळ्याच्या बाजूला रस्त्यालगतची एकरभर वरकस जमीन माझ्या धाकट्या भावाने घ्यायचं ठरवलं. विकणारे आमच्याच समाजातले, भाव पटलेला, गावात कोणाची कुरकुर नाही. दलाल म्हणाला, "वकील आपलेच आहेत, दोन्ही बाजूंचं तेच बघतात. तुमचा वेगळा खर्च कशाला?" वकीलसाहेबांनी सातबारा पाहिला, दोन परिच्छेदांचा अहवाल दिला: जमीन निर्वेध, बोजा नाही. आदिवासीकडून आदिवासीला जमीन जाते म्हणून परवानगीही लागत नाही, असं तोंडी सांगितलं. भावाने विसार दिला आणि नोटरीपुढे साठेखत झालं.

खरेदीखताची तारीख जवळ आली तेव्हा विकणाऱ्यांच्या दोन बहिणींचा निरोप आला. जमिनीत आमचाही वाटा आहे, आम्हाला कोणी विचारलं नाही. वकीलसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "तो त्यांच्या घरातला प्रश्न, मी काय करणार?" त्या दिवशी आमच्या लक्षात आलं की या माणसाची फी दलालाने दिली होती, आणि दलालाला फक्त व्यवहार उरकायचा होता.

मग आम्ही दुसऱ्या वकिलांकडे गेलो. त्यांनी सातबाऱ्याकडे फारसं पाहिलंच नाही. "फेरफार आणा," म्हणाले. "सातबाऱ्यावर जेवढे क्रमांक दिसतात तेवढे सगळे, आणि त्यांच्या मागचेही." कागद आले तेव्हा विकणाऱ्यांचे वडील वारल्यानंतरच्या वारस नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं. मुलांची नावं कब्जेदार म्हणून चढलेली, आणि खाली बारीक अक्षरात मुलींची नावं 'इतर हक्कात'. जुन्या तलाठ्यांनी अशा नोंदी हजारोंनी केल्या आहेत. पहिल्या वकिलाने हे पान उघडलंच नव्हतं, नाहीतर अहवालात 'निर्वेध' हा शब्द आलाच नसता.

बहिणींच्या वाट्याचा प्रश्न आपल्याकडे आणखी नाजूक आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. कलम २ मध्येच तसं म्हटलेलं आहे. म्हणून 'आपल्यात मुलींना जमीन देत नाहीत' असं म्हणून पुष्कळ जण बहिणींना बाजूला सारतात. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात मुलीच्या वारसांना वाटा दिला. स्त्रीला वगळणारी प्रथा सिद्ध झालेली नसताना तिला डावलणं हा भेदभाव आहे, असं न्यायालयाने म्हटलं. हे ज्याला माहीत आहे आणि ज्याला जव्हार-मोखाड्याचे कागद वाचता येतात, तोच वकील इथे कामाचा. मुंबईत फ्लॅटचे करारनामे करणारा कितीही हुशार असला तरी त्याला वरकस, वनपट्टा, नवीन शर्त यांची सवय नसते.

परवानगीचीही तीच गोष्ट. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, घेणारा आदिवासी असला तरी. घेणारा बिगर-आदिवासी असेल तर कलम ३६अ लागतं, आणि विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांनी आधी शासनाची मान्यता घ्यावी लागते. शिवाय आपले दोन्ही तालुके पेसाखाली येतात, त्यामुळे ग्रामसभेचा प्रश्न येतोच. पर्यटनामुळे जव्हारच्या आसपास शेतघरासाठी जागा शोधणारी मंडळी वाढली आहेत. त्यांना कोणी "९९ वर्षांचा भाडेपट्टा करू" किंवा "कुलमुखत्यारपत्र घेऊन ठेवा, पुढचं पुढे" असं सुचवलं, तर त्यांनी तिथूनच उठावं. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आणि कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. असा सल्ला देणारा वकील तुम्हाला आडवाटेने नेतो आहे आणि पुढचा कज्जा तुमच्याच गळ्यात टाकतो आहे.

सातबाऱ्यावर नाव बिगर-आदिवासीचं असलं म्हणजे काळजी मिटली, असंही नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा झाला. वकील साधारणपणे दुय्यम निबंधकाकडे ३० वर्षांचा सर्च घेतात. तो १९७४ पर्यंत पोहोचतच नाही. म्हणून वकिलाला विचारा, "फेरफार कुठपर्यंत मागे पाहणार?" उत्तरात १९५७ आलं तर तो माणूस इथला आहे असं समजा. वनहक्काच्या पट्ट्याबद्दलही विचारा. २००६ च्या कायद्याप्रमाणे ती जमीन वारसांना मिळते, पण विकता येत नाही. तरीही अशा पट्ट्यांवर साठेखतं होतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

वकील निवडताना आधी त्याची सनद विचारा. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचा सनद क्रमांक सांगायला कोणत्याही प्रामाणिक वकिलाला संकोच वाटत नाही. या गावात तुम्ही विकणाऱ्यांचं किंवा दलालाचं काम केलंय का, हेही तोंडावर विचारा. आपल्याकडे भिडेपोटी हा प्रश्न कोणी विचारत नाही. साहेबांना राग येईल, असं वाटतं. पण ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडे कागद ठेवू नका.

फी किती, तीत काय काय धरलं आहे आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी वेगळी की त्यातच, हे कागदावर घ्या. जमिनीच्या किमतीवर टक्केवारी मागणाऱ्याचं हित व्यवहार होण्यातच असतं. 'हा व्यवहार करू नका' असं सांगण्याचेही पैसे ज्याला मिळतात, तोच मोकळेपणाने नाही म्हणू शकतो. मूळ कागद देऊ नका, प्रती द्या. द्यावेच लागले तर यादी करून सही घ्या. फीचा शेवटचा हप्ता खरेदीखतानंतर लगेच चुकता करू नका. नोंदणी झाली म्हणजे काम झालं असं नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, मालकी तपासत नाहीत. पुढे फेरफार पडतो, नोटिसा निघतात, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तिथपर्यंत वकील सोबत राहणार, हे आधीच ठरवून घ्या. मोजणीही व्यवहाराआधी, भूमी अभिलेखकडून, शेजाऱ्यांना नोटिसा देऊन करून घ्या. बांधावरून भांडण होतं तेव्हा वकिलाचा अहवाल काही कामाला येत नाही.

विकणाऱ्या बांधवांना वेगळं सांगायचं आहे. घेणाऱ्याच्या गाडीतून आलेल्या वकिलाने पुढे केलेल्या कागदावर अंगठा देऊ नका. आधी तो आपल्या भाषेत, शिकलेल्या मुलामुलींसमोर वाचून घ्या. 'वकील परवडत नाही' हे कारणही उरलेलं नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. जव्हारच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. जातीचा दाखला सोबत न्या. त्या दोघी बहिणींनी तसाच अर्ज केला. त्यांना वकील मिळाला, आणि आता त्या वाटपाच्या बोलणीत स्वतःच्या वकिलासह बसतात. भावाचा विसार अजून अडकलेला आहे. पण आता विक्रीची परवानगी मागायची तर अर्जावर बहिणींचीही सही हवी, यावर दोन्ही वकिलांचं एकमत आहे.